कागदावरची उत्तर दिशा

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमची काळजी वाटेल. थेडी मलक्वीनने पुढे चाळीस वर्षं ऑस्ट्रेलियात हॉक्सबरी नदीच्या काठी मका पिकवला आणि ही हकीगत प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयताला, एकदा तर दुसऱ्याच्या खटल्यात साक्ष देतानाही सांगितली. कोणी मानली नाही. तरी ती अथपासून इतिपर्यंत खरी आहे. तिच्यात थाप फक्त एक आहे, आणि ती वेळ आली की आपोआप पकडली जाते.

थेडी मूळचा लिमरिकचा. थापा मारण्यात त्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये नव्हता. त्याची थाप लोण्यासारखी यायची, ना खडा ना गुठळी. उलट खरं बोलायची वेळ आली की त्याची जीभ अडखळायची, कारण सवय नव्हती. मेंढीच्या चोरीच्या खटल्यात हेच नडलं. मेंढी त्याने चोरलेली नव्हती. न्यायाधीशाने विचारलं तेव्हा तो खरं सांगायला गेला, "म-म-मेंढी माझ्या मागे आपणहून आली," आणि पुढे काही सुधरेना. सात वर्षं काळं पाणी. आणखी कोणी असता तर गप्प बसला असता. थेडीने शिक्षा ऐकून जिभेला मोकळं सोडलं आणि मेंढी ही आपली चुलत मावशी असल्याचं इतकं सफाईने पटवून दिलं, की न्यायाधीशाने सातची जन्मठेप केली.

जहाजात त्याच्या शेजारच्या फळीवर रेडमंड कॉस्टिगन नावाचा म्हातारा होता. केरीच्या किनाऱ्यावरचा कोळी. वादळात फुटलेल्या कुठल्याशा जहाजाचं एक पिंप लाटांनी त्याच्या दारात आणून टाकलं, आणि त्याने ते दारातून घरात घेतलं, एवढाच त्याचा गुन्हा. विषुववृत्तावर थेडीला ताप चढला तेव्हा या म्हाताऱ्याने सतरा दिवस आपल्या वाटणीचं अर्धं पाणी त्याच्या तोंडात घातलं. वर दर घोटाला सुनावलं, "पी. तू मेलास तर माझ्याशी खोटं कोण बोलेल?"

कारण रेडमंडचं एक होतं. थेडीची एकही थाप त्याने कधी गिळली नाही. बाकीचे कैदी तोंड उघडं टाकून ऐकायचे आणि हा कोपऱ्यातून एकच शब्द टाकायचा, "थाप." बस्स. थेडी रात्ररात्र जागून नवीन काही रचायचा ते याच एका माणसासाठी.

पॅरामाटा गावाच्या वरच्या अंगाला एका सरकारी शेतावर दोघांना जुंपलं. थेडी झाडं तोडायच्या टोळीत. रेडमंडला आधी शिंपले जाळून चुना करायच्या भट्टीवर घातलं, आणि दीड वर्षात त्याचे डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा, तोही हात चेहऱ्यापुढे हलवला तर. मग त्याला फांद्या ओढायला थेडीच्याच टोळीत आणून टाकलं. टोळीचा मुकादम बॅग्शॉ. याचा आवाज असा, की सकाळच्या हजेरीला तो ओरडला की गोठ्यातल्या गाईचं दूध आतच नासायचं. प्रत्येक नावाला त्याची एक शेलकी शेपूट ठरलेली होती. थेडीची अशी, "मलक्वीन, हात आहेत की गळाले?" मग दोनदा खोकायचा, थुंकायचा आणि पुढचं नाव.

जून महिना लागला, म्हणजे इथल्या उलट्या ऋतूंतला हिवाळा, थंडी पडली, आणि रेडमंडच्या छातीत खोकला बसला. दवाखान्याच्या माणसाने त्याच्या पाठीला कान लावला आणि काही न बोलता कान पुसला.

त्या संध्याकाळी झोपडीत मक्याच्या पिठाची पेज पिताना म्हातारा म्हणाला, "पोरा, राजाची हद्द कुठवर आहे रे?"

"कुठला राजा?"

"आपल्याला इथं पाठवणारा. दुसरा कुठला, माझा मेव्हणा?"

"नदीपर्यंत म्हणतात. त्याच्या पुढे राजाचं कोणी गेलेलं नाही. का काका?"

"मला राजाच्या जमिनीत पुरू नकोस. जिवंतपणी त्याचं ओझं वाहिलं तेवढं बास झालं. मेल्यावर त्याच्या मक्याला खत व्हायची माझी इच्छा नाही." मग वाडग्याचा तळ बोटाने पुसून म्हणाला, "आणि हे मी थट्टेनं बोलत नाहीये."

थेडी थट्टा करणार होता. ती त्याने पेजेबरोबर गिळून टाकली. सतरा दिवसांच्या पाण्याची आठवण त्याला घशात झाली.

आता, आमच्या आयरिश कैद्यांत त्या काळी एक गोष्ट बायबलाइतकी पक्की होती. निळे दिसतात त्या डोंगरांपलीकडे चीन आहे. पायी सहा दिवस. उत्तरेची दिशा धरायची, एक नदी ओलांडायची आणि पोचायचं. तिथली माणसं पाहुण्याला बेडी न घालता चहा देतात. इंग्रज अधिकारी हे ऐकून हसायचे, म्हणून तर आमची खात्री पटली होती. खोटं असतं तर ते कशाला हसले असते?

अडचण फक्त उत्तर दिशेची. ती सोडवली लॅकी डूलनने. हा गावाकडे कुंपणाच्या आडोशाला शाळा चालवायचा, म्हणजे आमच्यातला विद्वान. त्याने जहाजावर फळीच्या फटीतून कप्तानाचं होकायंत्र पाहिलेलं होतं. प्रार्थनेच्या पुस्तकाचं कोरं पान फाडून त्याने काजळीच्या शाईने एक गोल काढला. त्यावर चार दिशांची चार अक्षरं आणि मधोमध एक बाणासारखी ठसठशीत सुई, टोक उत्तरेच्या अक्षरावर. होकायंत्र तयार. एका माणसाच्या आठवड्याच्या खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या बदल्यात थेडीने ते घेतलं.

"तळहातावर सपाट धरायचं," लॅकी मास्तराने समजावलं. "सुई दाखवेल तिकडे चालायचं."

"मास्तर, तुम्ही का नाही येत?"

"मला सर्दी झालीय," मास्तर म्हणाला.

बेडीचं काम जुनं आणि ठरलेलं. पायातली कडी गोल असते तोवर टाचेवरून निघत नाही. दोन दगडांत धरून ती जरा जरा ठोकायची, रोज थोडी, मुकादमाला कळणार नाही इतपत, की ती लंबोळी होते. मग डुकराची चरबी चोळली की पाय सुटतो, थोडं कातडं मागे ठेवून. थेडीने आठ दिवस दोघांच्या कड्या ठोकल्या. नवव्या सकाळी धुकं असं उतरलं की बॅग्शॉला स्वतःचा खोकलासुद्धा शोधावा लागत होता. थेडीने म्हाताऱ्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला, बेड्या ओढ्यात टाकल्या आणि दोघं चालू लागले.

"सुई काय म्हणते?" रेडमंडने विचारलं.

"सरळ जा म्हणते."

"शहाणी आहे."

पहिला दिवस चांगला गेला. नदी छातीएवढी होती. थेडीने म्हाताऱ्याला पाठीवर घेतला आणि पाण्यात सुसरी असल्याचं, त्यातल्या एकीने आपल्याला वाट दिल्याचं सविस्तर वर्णन केलं.

"थाप," रेडमंड पाठीवरून म्हणाला. पण नदी ओलांडल्यावर त्याने खाली बसून मूठभर माती उचलली, बोटांत चुरली, हुंगली. "आता ही कोणाची?"

"अजून राजाची असेल काका. इतक्या जवळ नको. डोंगर चढू."

दुसऱ्या दिवशी दुपारी थेडी एका खडकावर होकायंत्र तळहातावर धरून उभा होता. एक जाडजूड सरडा दिसला, तो पकडायला हा गर्रकन वळला. सरडा गेला. थेडीची नजर कागदावर पडली. मघाशी उत्तर समोरच्या कड्याकडे होती. आता ती आलेल्या वाटेकडे होती. तो पुन्हा वळला. उत्तरही वळली. तो हळूहळू गोल फिरला आणि सुई कुत्र्याच्या इमानाने त्याच्याबरोबर फिरली. इतकं आज्ञाधारक यंत्र कोणा कप्तानालाही मिळालं नसेल. तोंड करशील तिकडे चीन.

थेडी फिरायचा थांबला.

"थांबलास का?" मागून रेडमंड म्हणाला. त्याचा श्वास भात्यासारखा वाजत होता.

थेडीने म्हाताऱ्याकडे पाहिलं. परत फिरायचं तर पन्नास फटके, आणि म्हाताऱ्याला मक्याच्या बांधावर खड्डा. पुढे जायचं तर कुठे? त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"सुई पाहत होतो काका. काटेकोर उत्तर दाखवतेय. चार दिवसांत चीन. मला तर आत्ताच चहाचा वास येतोय."

"थाप," म्हातारा म्हणाला, पण खांद्यावरचा हात त्याने काढला नाही.

त्यानंतर चढ लागला, आणि झाडं मोठी होत गेली. आम्ही शेतावर झाडं तोडायचो ती या झाडांची नातवंडं म्हणा. थेडीने एका बुंध्याला प्रदक्षिणा घातली तर म्हाताऱ्याची आणि त्याची चुकामूक झाली, हाका मारून भेटावं लागलं. वर साल सुटून तिच्या पट्ट्या लोंबत होत्या, वारा आला की जहाजाच्या शिडासारख्या वाजायच्या. रेडमंड उभा राहून ऐकायचा. "किती शिडं आहेत रे?" तो विचारायचा. थेडी म्हणायचा, मोजतोय. आणि खरंच मोजायचा, आणि मोजणी सोडून मान वर करून नुसता उभा राहायचा, टोपी पडली तरी उचलायचं भान राहायचं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ते एका घळीत उतरले. दोन्ही बाजूंनी ओले खडक, डोक्याच्या वर छत्र्यांसारखे नेचे, आत हिरवा अंधार. तिथे त्यांना बेड्यांची खळखळ ऐकू आली.

दोघं गोठले. आपल्या बेड्या तर ओढ्यात. मग या कोणाच्या?

पाठोपाठ कुऱ्हाड. ठक, ठक, मग झाड कलताना करकरतं तसा आवाज. मग शेतावरची घंटा, तीच, कड फुटलेली, खणखणायच्या ऐवजी खडखडणारी. आणि मग, वीस पावलांवरून, स्पष्ट:

"मलक्वीन, हात आहेत की गळाले?"

आणि दोन वेळा खोकला.

रेडमंडने खांद्यावरचा हात काढून घेतला. त्याचा चेहरा एकदम खूप म्हातारा दिसला. "गोल फिरलो," तो हळूच म्हणाला. "शेतावरच आलो परत. जाऊ दे पोरा. प्रयत्न केलास."

थेडीने नेचे बाजूला सारले.

मोकळ्या मातीचा एक लहानसा ओटा होता, कोणी झाडून ठेवल्यासारखा. त्यावर एक पक्षी. अंगाने कोंबडीएवढा, रंगाने मातकट, बाजारात कोणी ढुंकून पाहिलं नसतं असा. पण त्याने शेपूट पुढे डोक्यावर उलटवली होती आणि ती सगळी चांदीची जाळी थरथरत होती. दोन बाजूंची दोन पिसं आमच्या गावच्या वादकांच्या हार्पसारखी वळलेली होती. तो नाचत होता. चोच उघडली की कुऱ्हाड चालायची. पुन्हा उघडली की घंटा वाजायची. त्याच्या त्या एवढ्याशा गळ्यात आमचं अख्खं शेत होतं, मुकादमासकट. आणि सगळ्यात नवलाचं हे, की बॅग्शॉचा आवाजसुद्धा त्याच्या तोंडून गोड लागत होता.

थेडी किती वेळ पाहत राहिला ते त्यालाच ठाऊक नाही. रेडमंडने अंदाजाने त्याला कोपर मारलं तेव्हा तो भानावर आला.

"किती जण आहेत?"

"प-प..." थेडी म्हणाला. "प-पक्षी आहे काका. एकच. त-तोच हे सगळं..."

"पक्षी."

"हो."

"बॅग्शॉच्या आवाजात हजेरी घेणारा पक्षी."

"हो काका. आणि त्याची श-शेपूट..."

"थाप," रेडमंड कंटाळून म्हणाला. "आणि तीही धड जमत नाही तुला. दमलायस. चल, देऊ आपण स्वतःला त्यांच्या ताब्यात."

थेडीने पुरावा म्हणून एक दगड टाकला. पक्षी थांबला, मान वाकडी करून पाहिलं, तंतोतंत रेडमंडसारखा खोकला, आणि नेच्यांत नाहीसा झाला. घळीत नुसतं पाणी ठिबकत राहिलं. मुकादम आला नाही. कोणीच आलं नाही. म्हातारा बराच वेळ तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता. मग त्याने हात पुन्हा थेडीच्या खांद्यावर ठेवला.

पाचव्या दिवशी पीठ संपलं. रेडमंड आता दहा पावलं चालून बसायचा. थेडी त्याला पाठीवर घ्यायचा, आणि म्हाताऱ्याचं वजन रोज कमी होतंय हे त्याच्या पाठीला कळायचं. दुपारी एका झऱ्याशी टेकले असता थेडीने मान वर केली तर पलीकडे एक बाई उभी होती, तिच्या मागे भाला घेतलेला एक पुरुष. अंगावर पोसम नावाच्या रानातल्या केसाळ जनावराच्या कातड्याची शाल. कधीपासून उभी असतील कोण जाणे. बाई झरा ओलांडून आली, रेडमंडपुढे उकिडवी बसली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि श्वास ऐकला, दवाखान्याच्या माणसाने ऐकला तसाच, पण हात पुसला नाही. पुरुषाशी काहीतरी बोलली. त्याने खांद्यावरचं भाजलेलं मांस सालीच्या तुकड्यावर ठेवलं. बाईने हनुवटीने मावळतीकडे खूण केली आणि दोघं गेली. एक काटकी मोडल्याचा आवाज नाही.

"कोण होतं?" रेडमंडने विचारलं. "हात मऊ होता."

"ब-बाई होती. इ-इथलीच. ज्यांची ही जमीन आहे त्यांच्यातली. जेवण ठेवून गेली."

"पास मागितला का?"

"न-नाही."

"नाव विचारलं? कुठल्या जहाजाचा, किती वर्षांची शिक्षा?"

"नाही काका."

रेडमंडने मांस हुंगलं. "जंगलात न मागता जेवण. थाप आहे," तो म्हणाला, आणि खायला लागला. "पण थापेला चव बरी आहे."

सहाव्या दिवसाची पहाट. म्हातारा रात्रभर विस्तवाशी तापाने जळत होता आणि तरी कुडकुडत होता. थेडीने त्याला उचलून घेतला आणि झाडीतून पुढे निघाला, कुठे ते न पाहता, कारण उभं राहण्यापेक्षा चालणं सोपं होतं. झाडी संपली. पुढचं पाऊल त्याने उचललं आणि तसंच हवेत धरलं.

पुढे जमीन नव्हती.

आधी त्याला वाटलं, समुद्र. पांढरा, सपाट, थेट आभाळापर्यंत. मग उजेड वाढला आणि तो समुद्र हलला. ते धुकं होतं. त्याला भेगा पडल्या, ते उचललं गेलं, आणि खालून जग वर आलं. कडे आले, एकामागे एक, सोनेरी, उभे तासलेले, इतके उंच की त्यांच्या कडेवरची झाडं गवतासारखी दिसत होती. एका कड्यावरून पाणी पडत होतं, पण खाली पोचतच नव्हतं. वाटेतच वारा ते पिऊन टाकत होता. तळाशी जंगल, आणि जंगलापलीकडे जंगल, आणि त्यापलीकडे निळे डोंगर, त्याहून निळे डोंगर, आणि शेवटचे इतके निळे की ते आहेत की नाहीत हे विचारावं लागेल. कुंपण नाही. रस्ता नाही. बांध नाही. पांढऱ्या पोपटांचा एक थवा त्याच्या पायांच्या खालून उडत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पक्ष्यांच्या पाठी पाहिल्या. आणि खूप खाली, झाडांतून, धुराचा एक बारीक दोरा सरळ वर येत होता.

थेडीने म्हाताऱ्याला कातळावर टेकवून बसवलं आणि स्वतः शेजारी बसला, चर्चमध्ये बसतात तसा.

रेडमंडला चेहऱ्यावरचा वारा लागला. "झाडी संपली," तो म्हणाला. "काय आहे पुढे?"

"ख-खाली..." थेडी म्हणाला. "काही नाहीये. म्हणजे आ-आहे. खूप आहे. क-कडे आहेत काका. आणि ज-जंगल. ते संपत नाही. मी श-शेवट शोधतोय, तो..."

"बोल की नीट."

"एक प-पाणी पडतंय, ते खाली पोचत नाही. आणि धूर आहे. कोणीतरी र-राहतं तिथं. क-कुंपण... कुठेच कुंपण नाही काका."

त्याला पुढे बोलता येईना. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते कशाचं हे तो कधीच कोणाला सांगू शकला नाही.

रेडमंडचा श्वास आता खूप दुरून येत होता, विहिरीतून पोहरा ओढावा तसा. मग त्याने थेडीचं मनगट धरलं.

"पोरा, जास्त वेळ नाही. एवढं सांग. राजाची हद्द ओलांडली का आपण? आलं का चीन?"

थेडीने समोर पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. खिशात तो कागद होता. आता या क्षणाला जर त्याची कला कामाला आली नाही, तर ती कशासाठी होती? त्याने डोळे पुसले, घसा साफ केला, आणि सुरुवात केली.

"आलं काका. हे काय समोर. नदीच्या वाकणावर शहर आहे, तटबंदी लाल, वेशीला तांब्याची दारं. दारावरचा शिपाई आपल्याकडेच पाहतोय, झोपाळू दिसतोय, बंदूक नाही, हातात पंखा आहे. दोन बायका कठड्यावर गालिचे वाळत घालताहेत. बाजारात चहाचे ढीग लावलेत, आमच्याकडे गवताच्या गंजी लावतात तेवढाले, आणि त्यांवर पोरं घसरगुंडी खेळताहेत. एक कोळी आहे घाटावर, तुमच्याच वयाचा. जाळं दुरुस्त करतोय. त्याने वर पाहिलं. हात केला. म्हणतोय, केरीचा कॉस्टिगन ना, उशीर केलात, मासळी थंड होतेय. आणि राजाचं म्हणाल, तर वेशीवरच पाटी आहे काका, मोठ्या अक्षरांत, इथून पुढे इंग्लंडच्या राजाला..."

"थेडी."

"...प्रवेश बंद, आणि त्याखाली..."

"थेडी, तुला वाचता कधीपासून येतं?"

थेडी थांबला.

म्हाताऱ्याच्या तोंडावर काहीतरी पसरत होतं. आधी थेडीला वाटलं, कळ आली. मग लक्षात आलं की तो हसतोय.

"संध्याकाळचं ऊन रोज माझ्या तोंडावर होतं," रेडमंड म्हणाला, दर दोन शब्दांना थांबत. "कोळ्याला... सूर्य कळतो रे. उत्तरेला म्हणत होतास. आपण पहिल्या दिवसापासून मावळतीला चाललोय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू परत फिरला असतास. गाढव आहेस." त्याने श्वास घेतला, तो पुरला नाही, म्हणून दुसरा घेतला. "आता ऐक. पक्ष्याच्या वेळी तू अडखळलास. त्या बाईच्या वेळी अडखळलास. मघाशी तर तुला एक शब्द धड बोलता येईना. आणि आत्ता या चीनमध्ये, अख्ख्या शहरात, तुझी जीभ एकदाही अडकली नाही."

खाली पोपटांचा थवा वळला आणि उन्हात एकदम लखलखला.

रेडमंडने आपला चेहरा वाऱ्याकडे केला, दरीकडे, जसं काही आता तो खरोखर पाहणार होता, आणि मोठ्याने म्हणाला, त्या कड्यांवरून परत ऐकू येईल इतक्या मोठ्याने:

"चीन ही थाप आहे. म्हणजे मघाचं ते सगळं खरं होतं. ते सांग मला पुन्हा."